मागील बाकी

कचेरीत कोणाला बढती मिळाली, की पेढ्यांचा पुडा टेबलोटेबली फिरतो. एखाद्या सहकाऱ्यापाशी तो थबकतो. "नको, साखर निघाली आहे," असे तो गृहस्थ गुन्ह्याची कबुली द्यावी तशा हलक्या आवाजात सांगतो. त्याची पाठ फिरताच आपण आपसांत म्हणतो, "जिभेवर ताबा नको का?" हे वाक्य आम्हीही अनेकदा उच्चारले आहे. हिवतापाच्या रोग्यास आपण दोष देत नाही. मग मधुमेहाच्या वा हृदयविकाराच्या रोग्यासच आरोपी का ठरवावे?

दोष देणाऱ्याच्या बाजूने पुरावा नाही असे मात्र नव्हे. १९६५ साली सुरू झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात जपानी वंशाच्या पुरुषांचे तीन समूह तपासले गेले: हिरोशिमा-नागासाकी येथे राहिलेले, होनोलुलूस स्थायिक झालेले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात वसलेले. हृदयाच्या रोहिण्यांचा विकार मायदेशी सर्वांत कमी, हवाईत त्याहून अधिक आणि कॅलिफोर्नियात सर्वांत अधिक आढळला. रक्त तेच होते. बदलले ते ताट, काम आणि राहणी. पुढे जपानमध्येही राहणी पालटली आणि २००८ पासून तेथे ४० ते ७४ वर्षांच्या नागरिकांची कंबर मोजण्याची व्यवस्था आली; पुरुषांस ८५ सेंटिमीटर व स्त्रियांस ९० ही मर्यादा ठरली. परंतु फीत आजची कंबर मोजते. ते शरीर कशातून घडले, याची नोंद तिच्यापाशी नसते.

ती नोंद आमच्या या दिल्लीत ठेवली गेली आहे. १९६९ ते १९७२ या काळात दक्षिण दिल्लीतील सुमारे १२ चौरस किलोमीटरच्या वस्तीत जन्मलेल्या आठ हजारांवर बालकांची वजने व उंची डॉक्टरांनी टिपून ठेवली, आणि त्यांच्या वाढीचा माग पुढे वर्षानुवर्षे घेतला. त्यांपैकी १,४९२ जण २६ ते ३२ वर्षांचे झाल्यावर तपासले गेले. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तरुणपणीच ज्यांची साखर वाढलेली आढळली, ते दोन वर्षांचे होईपर्यंत बहुधा कृश होते. त्यानंतर त्यांचे वजन भराभर वाढत गेले. तरीही बाराव्या वर्षी त्यांच्यातील एकही मूल स्थूल म्हणण्याजोगे नव्हते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. त्या मातांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातील साउदम्प्टनची ३.५ किलोची. आमची बाळे स्नायूंत उणी पडली, पण त्वचेखालची चरबी त्यांनी पुष्कळशी राखली होती. उणिवेत घडलेले शरीर पुढे विपुलतेत सापडले म्हणजे विकार जडतो, असे संशोधकांचे अनुमान आहे.

आम्ही कारकून माणसे. आम्हांस हे हिशेबाच्या भाषेत लवकर उमगते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मागील बाकी आधीच मांडलेली असते. वही हाती घेणाऱ्याने ती केलेली नसते. ज्या सहकाऱ्यास आपण हसलो, त्याच्या वहीत अशी बाकी किती होती, हे आपण कधी विचारले होते काय?

यावर कोणी म्हणेल, "मग हे प्राक्तनच झाले! जन्माआधीच ठरले असेल, तर पथ्य कशाला?" हा युक्तिवाद सोयीचा आहे, पण खरा नव्हे. बाकी आपण केली नाही म्हणून हिशेब ठेवण्यातून सुटका होत नाही. उलट, जपून खर्च करावा लागतो. दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण एक समजतो, तेथेच घोटाळा होतो. रोग्याकडून पथ्याची अपेक्षा अवश्य धरावी. त्याने लाजेने मान खाली घालावी, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे.

आणि जबाबदारी त्याच्या एकट्याची तरी कशी? ती बाकी जेथे निर्माण झाली, ते स्वयंपाकघर आम्ही पाहिलेले आहे. सर्वांची पाने उठल्यावर आई जेवायला बसे. पातेल्यात उरले असेल ते तिचे. तिच्या या त्यागाचे आम्ही कौतुक केले, पण तिला आधी वाढावे असे कोणास सुचले नाही. आज दिल्लीच्या सरकारी वसाहतींतील आमच्या घरांतही पुष्कळदा शेवटचे पान गृहिणीचेच असते. ज्या घरात मूल यावयाचे आहे, त्या घरी तरी हा क्रम उलटला पाहिजे. मागची बाकी पुसणे आमच्या हाती नाही. पुढच्याच्या वहीत ती ओढली जाऊ नये, एवढे मात्र आहे.

पुन्हा पेढ्यांचा पुडा फिरेल आणि तो सहकारी "नको" म्हणेल, तेव्हा आम्ही गप्प राहू, असा आमचा निश्चय आहे.