सहीवाचून लिहिणारे

टिपण लिहावे एकाने आणि खाली सही पडावी दुसऱ्याची, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस आहे. वेतनामुळे त्याचे दुःख थोडे हलके होते, इतकेच. पण ज्यास वेतनही नाही व सहीही नाही, त्याने का लिहावे?

डॉ. यू. बी. पवनज हे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ. पुढे बंगळुरास येऊन त्यांनी कन्नड भाषा संगणकावर आणण्याच्या कामास वाहून घेतले. कन्नड विकिपीडियाचे ते एक जाणते संपादक आहेत. हा कोश कन्नडात आणि मराठीतही २००३ साली सुरू झाला. त्यातील लेखाखाली लेखकाचे नाव नसते. इतिहासाच्या पानावर नोंद राहते म्हणतात. ते पान उघडतो कोण?

त्याहून कठीण नियम असा की, स्वतःचे संशोधन तेथे घालू नये. प्रत्येक विधानास प्रसिद्ध झालेला आधार हवा. प्रयोगशाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाचे निराधार वाक्य शाळकरी पोरानेही खोडावे, आणि ते रास्तच ठरावे! केतकरांनी हे सोसले नसते. त्यांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड. पैकी पहिले पाच प्रस्तावनेचेच, आणि त्यांत केतकर पानोपानी बोलतात. तरीही पदवीपेक्षा पुरावा मोठा मानणारा हा नियम आम्हांस शास्त्रज्ञाच्या धर्मास अधिक जवळचा वाटतो.

एक शल्य मात्र उरते. आजीस ठाऊक असलेले रानभाजीचे नाव कोठेच छापलेले नसेल, तर कोशात त्यास थारा नाही. ते आधी कोणीतरी हिंडून, विचारून, छापावयास हवे. आणि ते काम स्वतःच्या नावानेच करावे लागते.