विटाळ कातड्याला की हाताला?

जनावर मेलं की त्याचं कातडं काही तासांतच बिघडू लागतं. उन्हाळ्यात तर दुपारी मेलेल्या गुराचं कातडं संध्याकाळपर्यंत घाण मारतं. म्हणून सोलल्याबरोबर त्याला मीठ चोळतात. पुढे ते पाण्यात भिजवायचं, चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढायचे, आतलं मांस आणि चरबी खरवडायची आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यात मुरवायचं. कोल्हापूरकडच्या जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवतात, तिच्यात काढा भरून ती टांगतात. काढा आतून बाहेर झिरपतो, खाली साचतो, तो पुन्हा वरून ओततात. या कामात आठवडे जातात. सालीतलं आणि हिरड्यातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना घट्ट धरून बसतं. मग जिवाणूंना तिथे शिरकाव मिळत नाही आणि कुजणं थांबतं.

मृत्यूचा विटाळ होतो, असं आपल्याकडचं शास्त्र मानतं. प्रेताला शिवलं तर अंघोळ, घरात मृत्यू झाला तर सुतक. हे मानायचं ठरवलं तर मेलेल्या देहाचं सडणं थांबवून त्याला कोरडं, टिकाऊ, वापरण्याजोगं करणारा माणूस विटाळ संपवणाराच ठरायला हवा होता. प्रत्यक्षात हजारभर वर्षांहून अधिक काळ त्यालाच विटाळाचं घर मानलं गेलं. हा विरोध नुसता सामाजिक अन्यायाचा नाही. तो विचारातला दोष आहे आणि विचाराच्या पातळीवरच तपासायला हवा.

कातडं ही वस्तू धर्माला कधीच वर्ज्य नव्हती. वैदिक यज्ञात सोम कुटून रस काढायचा तर दगडांखाली बैलाचं कातडं अंथरत. मुंज झालेल्या बटूला काळविटाचं अजिन, म्हणजे कातडं, सांगितलं आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचं आसन कसं असावं ते येतं, त्यात दर्भ आणि वस्त्र यांच्याबरोबर अजिन आहेच. शंकर वाघाचं कातडं नेसतो, हत्तीचं पांघरतो. खंडोबाच्या वाघ्याकडे भंडाऱ्याची पिशवी असायची ती वाघाच्या कातड्याची. आजही कितीतरी देवळांच्या दारात कमरेचा पट्टा आणि पाकीट काढून ठेवायला सांगतात आणि आत आरतीला नगारा झडतो. दिंडीत टाळांच्या जोडीला मृदंग असतो. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते आणि ती ताणून धरणारी वादीही कातड्याचीच.

मृगाजिन निराळं आणि म्हशीचं कातडं निराळं, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो टिकत नाही. दक्षिणेतल्या मृदंगम् या वाद्यात गाय, म्हैस आणि बकरी अशा तिघांची कातडी लागतात आणि ते वाद्य देवासमोर वाजतं. ते बनवणाऱ्या कारागिरांवर गायक टी. एम. कृष्णा यांनी ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिलं. हे कारागीर बहुतांशी दलित ख्रिस्ती. २०२० साली या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्र या कलासंस्थेने आधी देऊ केलेलं सभागृह ऐन वेळी नाकारलं आणि कार्यक्रम दुसरीकडे घ्यावा लागला. ज्या नादावर ही सारी संगीतपरंपरा उभी आहे, त्याच्या कातड्याची आणि ते ताणणाऱ्या हातांची चर्चा मात्र त्या आवारात होऊ शकली नाही.

खरी गाठ मनुस्मृतीत सापडते. पाचव्या अध्यायात कोणती वस्तू कशी शुद्ध करावी याचे नियम आहेत. तिथे कातड्याबद्दल म्हटलं आहे की त्याची शुद्धी कापडासारखीच करावी. बस्स, इतकंच. चौथ्या अध्यायात कोणाचं अन्न खाऊ नये याची यादी येते आणि तिथे कातडं कापणाऱ्याचं अन्न खाल्लं तर यश जातं असं बजावलं आहे. दहाव्या अध्यायात चर्मकार कोणाच्या पोटी जन्मतो तेच सांगून टाकलं आहे. तिन्ही जागा एकत्र ठेवून वाचल्या की काय घडलं ते कळतं. वस्तूचा विटाळ पाण्याने जातो. माणसाच्या विटाळाला पाणीच सांगितलेलं नाही, कारण तो त्याच्या कामाला चिकटलेला नसून जन्माला चिकटवलेला आहे. कातडं हे निमित्त होतं.

ही गोष्ट संतांनी फार आधी ओळखली होती. काशीच्या रविदासांना महाराष्ट्र रोहिदास म्हणून ओळखतो. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची चाळीसच्या आसपास पदं आहेत. त्यांत ते आपली जात लपवत नाहीत, आपले भाऊबंद काशीच्या आसपास मेलेली गुरं ओढतात हेही सांगतात, आणि त्याच नगरातले प्रतिष्ठित ब्राह्मण आता आपल्यापुढे वाकतात हेही. महाराष्ट्रातही त्यांची कथा सांगितली जाते. रोहिदास शाळिग्राम कातड्यात ठेवून पुजतात, एक ब्राह्मण त्याला हरकत घेतो, तेव्हा ते विचारतात की कातड्यावाचून आहे काय? कीर्तनातला मृदंग कातड्याचा, दूध देणारी गायीची कास कातड्याची, आपण सगळे कातड्यात गुंडाळलेले. कथा म्हणून ती भाविक आहे, पण तिच्यातला युक्तिवाद कोणत्याही न्यायशास्त्र्याने मान द्यावा असा आहे. समोरच्याचं तत्त्व रोहिदास मान्य करतात आणि ते सर्वत्र सारखं लावून दाखवतात. सारखं लावलं की ते तत्त्व उरतच नाही.

मराठी गावात या विटाळाची वाटणीही केलेली होती. मेलेलं जनावर महाराने ओढून न्यायचं, कातडं ढोराने कमवायचं, चांभाराने ते शिवायचं. प्रत्येकजण दुसऱ्यापासून अंतर राखायचा. बाबासाहेब आंबेडकरांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती इथे एका चपलेच्या जोडात दिसते. मार्च १९२७च्या महाड परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं. पुढे गावोगावच्या महारांनी गुरं ओढण्याचं काम टाकलं आणि त्यासाठी बहिष्कारही सोसले.

याच काळात दुसरी एक वाट चालली जात होती. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना सपाता शिवायला शिकले. शिकवणारे त्यांचे मित्र कॅलनबाख स्वतः एका ख्रिस्ती मठात ती कला शिकून आले होते. गांधीजींनी स्वतः केलेला एक जोड तिथल्या लढ्यातले आपले प्रतिपक्षी जनरल स्मट्स यांना दिला आणि १९३९ साली, गांधीजींच्या सत्तरीला, स्मट्सनी तो आदराने परत पाठवला. वर्ध्याजवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. कोकणचे गांधी म्हटले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी मेलेली गुरं सोलण्याचं काम स्वतः अंगावर घेतलं. कणकवलीचा गोपुरी आश्रम त्यांचाच. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने त्या काळी हे करणं याला मोठं धैर्य लागलं असणार, यात शंका नाही.

तरी या दोन वाटांचं वजन सारखं नाही. सेवाभावाने केलेलं कोणतंही काम पवित्र, असं गांधीजींची वाट सांगते. कोणतंही काम कोणाच्याही जन्माला बांधलेलं नाही, असं बाबासाहेबांची सांगते. अप्पासाहेब कातडं सोलून घरी परतले तरी पटवर्धनच राहिले, आणि त्यांना ते काम कोणत्याही दिवशी सोडता आलं असतं. ज्याला सोडता येतं त्याच्याच बाबतीत कामाच्या पावित्र्याची चर्चा करता येते. म्हणून आधी बाबासाहेबांची मागणी पुरी व्हायला हवी. पण अप्पासाहेबांच्या कृतीने एक गोष्ट सिद्ध झाली, तिचं मोल कमी नाही: सुरीतून आणि कातड्यातून विटाळ हातात चढत नाही. चढत असता तर त्यांनाही चढला असता. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना फटके मारले गेले, तेव्हाही प्रश्न गायीच्या कातड्याचा नव्हता. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली गुरं सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आणून टाकली. तुमचं काम तुम्ही करा, इतकाच त्याचा अर्थ होता.

आता हीच कला शहरांतल्या घरांत एका नव्या टेबलावर आली आहे. पुण्या-मुंबईत, बंगळूरात तरुण मुलंमुली हातशिलाईची पाकिटं, घड्याळाचे पट्टे, वह्यांची कव्हरं करतात. सामान मागवतात ते जाणतेपणाने: पाकिटाला दीड मिलिमीटरच्या आतलं पातळ कातडं, कमरेच्या पट्ट्याला तीन-चार मिलिमीटरचं जाड, पितळी बक्कल, रिबिट, टिच बटण, मेणवलेला दोरा. शिलाई एका दोऱ्याची पण दोन सुयांची. दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर जातात, म्हणून एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. मशीनची शिलाई निराळी. तिच्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे कातड्याच्या पोटात एकमेकांत अडकतात, आणि एक तुटला तर शेजारचेही सैल पडू लागतात. घरगुती शिलाई मशीन इथे पुरं पडत नाही. त्याचे दाते फक्त खालचा थर ओढतात, वरचा थर पायाला चिकटून मागे राहतो. त्यासाठी चालत्या पायाचं मशीन लागतं, जे दोन्ही थर बरोबर पुढे नेतं. सुईचं टोकही कातडं कापत जाणारं हवं. बूट-चपला दुरुस्त करणाऱ्यांकडे सिंगरचं जे जुनं, बारीक हाताचं मशीन दिसतं त्याचा पाय सगळीकडे फिरतो, म्हणून बुटाच्या नाकात शिरूनही टाका घालता येतो. आणि मशीन कोणतंही असो, टाका चुकला तर तो उसवता येतो पण भोक राहतं. कापडाचे धागे सरकून भोक झाकतात, कातडं तसं करत नाही. म्हणून या कामात सुई टोचण्याआधी विचार पुरा करावा लागतो. हीदेखील एक साधना आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या आरी आणि रापी घेऊन बसलेल्या माणसांनी केली, तिला कोणी साधना म्हटलं नाही.

या नव्या कारागिरांना कोणी विटाळ धरत नाही. त्यांच्या हातात तेच कातडं, तीच रापी, तोच काळपट डाग असतो. यात त्यांचा काही दोष नाही, उलट त्यांनी ही कला प्रेमाने उचलली याचा आनंद वाटायला हवा. पण रस्त्याकडेला झाडाखाली बसलेल्या माणसाला मिळालेली वागणूक वस्तूवरून ठरत नव्हती, याचा याहून उघड पुरावा मिळणं कठीण आहे.

उलट बाजूनेही एक प्रयोग झाला आहे. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली आणि धारावीतल्या अनेक कारागिरांचं काम घटलं. तिथे सुधीर राजभर या कलावंताने त्यांच्याबरोबर टाकाऊ रबरापासून केलेल्या साहित्याच्या पिशव्या करायला घेतल्या आणि उद्योगाचं नाव ठेवलं चमार स्टुडिओ. हात तेच, शिलाई तीच, कातडं मात्र नाही. तरी ते नाव ऐकून अनेकांच्या कपाळाला आठी पडतेच. विटाळ कातड्यात असता तर कातड्याबरोबर तोही निघून गेला असता.

अहिंसेचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवायला हवा. जैन घरांत चामडं टाळतात ते जनावराला झालेल्या दुःखाचा विचार करून. ती भूमिका वस्तू न वापरण्याबद्दल आहे, वस्तू करणाऱ्याला न शिवण्याबद्दल नाही. तिच्याशी वाद घालता येतो, कारण रेग्झिन हे शेवटी प्लास्टिकच आणि तेही मातीत विरत नाही. पण तो प्रामाणिक वाद आहे. अहिंसेच्या आडोशाने जुना विटाळ आत घेणं ही मात्र फसवणूक आहे.

कातड्याच्या धंद्यात खरी घाणही आहे. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं एक-दोन दिवसांत कमवता येतं, म्हणून आज बहुतेक कातडं तसंच होतं. कानपूरच्या जाजमऊमधल्या टॅनऱ्यांचं पाणी वर्षानुवर्षं गंगेत गेलं. २०१९च्या कुंभमेळ्यासाठी त्या टॅनऱ्या बंद ठेवाव्या लागल्या. ही अशुद्धी मोजता येते, तिचा उगम दाखवता येतो, ती साफ करण्याचा खर्च कोणी द्यायचा हे ठरवता येतं. आणि तिचा पहिला त्रास होतो तो टॅनरीत उघड्या पायांनी उभ्या असलेल्या मजुराला. नदीच्या पावित्र्याची काळजी असलेल्यांनी या पाण्यावर जितकं बोलायला हवं तितकं बोललं जात नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या तेव्हा सगळा महाराष्ट्र आपली चप्पल म्हणून उभा राहिला. तो अभिमान खरा होता. डिसेंबरमध्ये प्राडाने संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं महामंडळ यांच्याबरोबर सुमारे २,००० जोड इथे करवून घेण्याचं आणि कारागिरांच्या प्रशिक्षणाचं जाहीर केलं. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. आता चपलेवर हक्क सांगणाऱ्या घरांतली मुलंमुली त्या प्रशिक्षणाला नाव घालतात का, चर्मकार उस्तादाच्या शेजारी बसून वेणी विणायला शिकतात का, आणि त्यांच्या लग्नाच्या बोलणीत हे शिक्षण मोकळेपणाने सांगितलं जातं का, ते पाहायचं आहे.