बाळंतिणीचा व्यायाम आणि आमचे मातृऋण

मातेची थोरवी गाण्यात आमचा समाज कोणाला हार जाणारा नाही. गोमंतकात, बेळगावात, इंदूर-ग्वाल्हेरीस वा हैदराबादेस, जेथे जेथे आमची मंडळी वसली, तेथे तेथे त्यांनी कुलस्वामिनीला आई म्हणूनच हाक मारली. अशा समाजातील एखादी नवप्रसूत सून ‘आठवड्यातून दोन दिवस मी बाळाला घेऊन व्यायामाच्या वर्गाला जाईन’ असे म्हणाली, तर घरात काय घडते? क्वचित संमती मिळते, बहुधा मौन मिळते, आणि पुष्कळदा एक प्रश्न कानी येतो : ‘लेकरू एवढेसे आहे, आताच हे स्वतःचे चोचले कशाला?’ प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या पोटात नीतिशास्त्रातला एक मोठा प्रश्न दडलेला आहे. आई झालेल्या स्त्रीचे शरीर कोणाचे? आणि त्याची निगा हे चोचले, की कर्तव्य?

हे वर्ग असतात तरी कसे, ते प्रथम पाहू. आई सतरंजीवर उताणी पडून, गुडघे मुडपून, श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत ओढते. बाळ तिच्या छातीवर किंवा शेजारी असते. पुढे बसून, मग उभे राहून करावयाचे सौम्य प्रकार येतात. मधूनमधून बाळाला पालथे घालून खेळवितात. त्याने त्याची मान आणि खांदे बळावतात. रांगू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटे असे पालथे ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविले. मातेसाठीही, काही वैद्यकीय अडचण नसल्यास, त्याच संघटनेने २०२० साली आठवड्याला १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाचा सल्ला दिला. रोजचा हिशेब केला तर ती पुरती एक घटकाही भरत नाही.

याची गरज शरीरातच आहे. प्रसूत होताच सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय सहा आठवड्यांत पुन्हा छटाकभर होते. हे काम निसर्ग आपणहून करतो. परंतु पोटाच्या मध्यरेषेपासून दूर सरलेले स्नायू आणि ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे ताणलेले स्नायू आपोआप पूर्ववत होतीलच, असे नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मिनी रँडेल यांनी बाळंतिणींसाठी व्यायामाची पद्धत बसविली. १९४८ साली आर्नल्ड केगेल या अमेरिकन वैद्याने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. आमच्या योगमार्गातील मूलबंध ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्यातील आकुंचन अगदीच अपरिचित वाटणार नाही.

आमच्या पूर्वजांनी बाळंतिणीची हेळसांड केली, असे आम्ही म्हणणार नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतेच्या पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या वस्त्राने वेढावे, म्हणजे वायूला विकार करण्यास जागा उरत नाही, असे सांगितले आहे. वाग्भटाने सूतिकेचे पथ्य दीड महिन्याचे मानले. आमच्या घरांतून सव्वा महिना पाळतात. आजचे डॉक्टर सहा आठवडे म्हणतात. तिन्ही हिशेब जवळजवळ येतात. तेल लावणारी सुईण, शेकशेगडी, आळिवाचे आणि डिंकाचे लाडू, माहेरची विश्रांती हे सारे त्या काळजीचेच रूप होते. त्यात कोंडलेल्या खोलीतील धुरीचा धूर आणि बाळंतिणीला पाणी तोडणे यांसारख्या अहितकारक गोष्टीही होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. ही सारी काळजी बहुतांशी दुधासाठी आणि वंशासाठी होती. सव्वा महिना सरला की तीच स्त्री विहिरीवर, जात्यापाशी आणि चुलीपुढे उभी राही. कोणी म्हणेल, तोच तिचा व्यायाम होता. आम्हांस हे पटत नाही. श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. श्रम शरीराकडे जे बळ असेल ते खर्ची घालतो. व्यायाम नसलेले बळ उभे करतो. ज्या शरीराचा तळच ढिला पडला आहे, त्याच्या कमरेवर भरली घागर देणे म्हणजे त्याला बळकटी आणणे नव्हे.

या उपेक्षेचे फळ किती घरांत किती स्त्रियांनी मुकाट्याने भोगले! अंग बाहेर येणे, खोकताना वा शिंकताना लघवीवरचा ताबा सुटणे, या गोष्टी आमच्या आज्या-मावश्यांनी सुनेलाही सांगितल्या नाहीत, मग वैद्याला कोठून सांगणार? एखादी वृद्धा एकाएकी कीर्तनाला येईनाशी होते, पालखीबरोबर चालणे सोडते, लग्नघरी मागे कोपऱ्यात बसते. आणि आम्ही समजतो की तिला आता विरक्ती आली. कित्येकदा ती विरक्ती नसते, लाज असते. वेळेवर शिकविलेल्या व्यायामाने असा त्रास पुष्कळ स्त्रियांत कमी होतो. तेव्हा या उपायाला चोचले म्हणणे क्रूरपणाचे होय.

येथे तत्त्वाचा प्रश्न येतो. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली असे प्रतिपादन केले, की कोणाही मनुष्याला केवळ साधन म्हणून वागवू नये. तो स्वतःच साध्य आहे, हे विसरू नये. हा विचार परका वाटत असेल, तर आपल्याकडेच पाहावे. शरीर हे धर्माचे साधन म्हणून जपावे, अशा आशयाचे एक संस्कृत वचन आमच्या तालमींतून आणि व्यायामशाळांतून मोठ्या अभिमानाने लिहिलेले आढळते. ते पुरुषांसाठीच असावे, असा आमचा समज होऊन बसला आहे. पण ते आले आहे कालिदासाच्या कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात, आणि बटुवेषातील शंकर ते उच्चारतात एका स्त्रीला उद्देशून, तपाने कृश झालेल्या पार्वतीला. शिवाय त्यात ज्या धर्माचे साधन म्हणून शरीर जपावयाचे, तो पार्वतीचा स्वतःचा धर्म आहे. तिने शरीर राखावे ते तिच्या तपासाठी, दुसऱ्या कोणाच्या सोयीसाठी नव्हे.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. आज कित्येक तरुण माता व्यायामाकडे वळतात त्या बळासाठी नव्हे, तर लग्नातील छायाचित्रासारखे पुन्हा दिसावे म्हणून. तीन महिन्यांत सडपातळ करून देऊ, असे सांगणाऱ्या जाहिरातींचाही सुकाळ आहे. आमच्या मते ही जुन्या दास्याचीच नवी आवृत्ती होय. पूर्वी ते शरीर घराच्या मालकीचे होते. आता ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांच्या मालकीचे झाले. ज्या स्त्रीने नऊ महिने जीव वाढविला, तिच्या पोटावर त्याची खूण राहिली तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? व्यायाम योग्य की अयोग्य याची कसोटी एकच : त्याने ती अधिक सुखाने बसते, उठते, हसते, लेकराला उचलते की नाही.

मग हे कर्तव्य कोणाचे? आधीच थकलेल्या बाळंतिणीच्या डोक्यावर ‘व्यायाम कर’ हे आणखी एक ओझे ठेवून आम्ही मोकळे झालो, तर तो न्याय होणार नाही. तिला हवा असतो तास, आणि तो तास कोणी तरी दिला पाहिजे. नवऱ्याने मोठ्या मुलाला सांभाळावे, सासूबाईंनी ‘जा, मी पाहते’ म्हणावे, दिराने स्वयंपाकाला हात लावावा. मातृऋण फेडण्याची भाषा सोपी आहे; पण घरातल्या मातेला घटकाभर मोकळी करणे हा त्याचा पहिला हप्ता आहे.

यात देवस्थानांनाही वाटा घेता येईल. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथील देवालयांना अग्रशाळा आहेत. पौषात मांडावर धालो खेळणाऱ्या आणि चतुर्थीला फुगडी घालणाऱ्या आमच्या स्त्रियांना एकत्र येऊन अंग हलविणे काही नवे नाही. बाळंतिणींचा वर्ग सव्वा महिन्यानंतर सुरू होणारा असल्याने सोयराचाही प्रश्न उद्भवत नाही. अग्रशाळेतील किंवा गावच्या देवळाशेजारच्या सभागृहातील एक खोली आठवड्यातून दोनदा मोकळी ठेवावी आणि जाणत्या शिक्षिकेला बोलवावे. मात्र डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय कोणी आरंभ करू नये. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण गोव्यात शेकडा ३९.५, तर तेलंगणात शेकडा ६०.७ होते, अशा मातांना अधिक काळ आणि अधिक जपणूक लागते. रक्तस्राव वाढला, टाके दुखू लागले वा चक्कर आली, तर तत्काळ थांबावे.

आमच्या देवस्थान समित्यांपुढे जीर्णोद्धाराचे ठराव नेहमी येतात आणि ते एकमताने संमतही होतात. येत्या सभेत त्यांच्या जोडीला या खोलीचाही ठराव कोणी तरी मांडावा, आणि तो मांडण्यास पुरुषांनी पुढे यावे, एवढेच आमचे मागणे आहे.