दर्शन, प्रदर्शन आणि साक्ष : जतन केलेल्या घराचा नैतिक प्रश्न

१

दिवंगत व्यक्तीचे राहते घर जतन करावे आणि ते इतरांना पाहण्यासाठी खुले करावे, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्याने आपल्याला बोलावलेले नाही, त्याच्या माजघरापर्यंत जाण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या नात्याने प्राप्त होतो? आणि त्या घरात जे दाखवले जात नाही, त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी अमेरिकेतील स्मृतिगृहांची परंपरा आणि बीड जिल्ह्यातील काही उदाहरणे एकमेकांसमोर ठेवली आहेत. दोहोंत श्रेष्ठकनिष्ठ ठरवणे हा हेतू नाही. एकीच्या उजेडात दुसरीतील उणीव स्पष्ट दिसते, एवढेच या मांडणीचे प्रयोजन आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी १७९१ मध्ये स्थापन झाली. न्यू यॉर्क राज्याने १८५० मध्ये न्यूबर्ग येथील वॉशिंग्टनच्या लष्करी मुक्कामाचे घर सार्वजनिक स्मारक म्हणून ताब्यात घेतले. १८५३ मध्ये अ‍ॅन पामेला कनिंगहॅम यांनी माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशनची स्थापना केली आणि १८५८ मध्ये वॉशिंग्टनचे घर व भोवतालची दोनशे एकर जमीन दोन लाख डॉलर्सना विकत घेण्याचा करार झाला. पुढे गावोगावी अशी घरे आणि त्यांची देखभाल करणारी इतिहासमंडळे उभी राहिली. आपल्याकडील इतिहासमंडळांचा आरंभ निराळा आहे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आणि वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर धुळ्यास निघालेले राजवाडे संशोधन मंडळ या दोन्ही संस्थांच्या केंद्रस्थानी वास्तू नव्हती, दप्तर होते. तिकडे इतिहास खोलीत शिरून पाहायचा होता. इकडे तो रुमाल सोडून वाचायचा होता. हा भेद केवळ साधनांचा नाही. वस्तूशी आणि तिच्या धन्याशी आपण कोणते नाते जोडतो, याचाही तो भेद आहे.

२

अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनी ‘गीतार्णव’ हा सुमारे सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ रचला असे परंपरा मानते. परंतु त्यांच्या नावाशी सर्वाधिक निगडित झालेली वस्तू म्हणजे पासोडी. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले आणि अंबाजोगाईत हे कापड त्यांच्या परंपरेने चार शतके सांभाळले. पासोडी हे मुळात घरातले वस्त्र, थंडीत पांघरायचे जाडेभरडे कापड. घरातल्या पांघरुणाचा ग्रंथ झाला आणि ग्रंथ पुन्हा घरातच राहिला.

पंचीकरणाचा सिद्धान्त या ठिकाणी विशेष अर्थपूर्ण ठरतो. प्रत्येक स्थूल महाभूतात निम्मा अंश स्वतःचा आणि उरलेल्या चारांचा प्रत्येकी आठवा अंश असतो. या मिश्रणातून देह घडतो आणि विघटनाने तो पुन्हा आपल्या कारणात लय पावतो. म्हणजे जी वस्तू आपण नाशापासून वाचवू पाहतो, ती वस्तूच घडलेल्या सर्व गोष्टींच्या नश्वरतेचे प्रतिपादन करते. या विसंगतीतून सुटण्याचा सोपा मार्ग नाही. ‘कापड जाईल, अर्थ उरेल’ असे म्हणावे, तर प्रतच उरली नाही तेव्हा अर्थही गेल्याची उदाहरणे मराठी वाङ्मयेतिहासात थोडी नाहीत. ‘कापडच सर्वस्व’ म्हणावे, तर त्यावर लिहिलेल्याचा आपण अव्हेर केला असे होते.

परंपरेने यावर काढलेला तोडगा दर्शनाचा आहे. दर्शनात वस्तू पाहणाऱ्याच्या वर असते. तो तिला प्रश्न करीत नाही; आपण तिच्या दृष्टीपुढे आलो याचेच त्याला समाधान असते. या नात्याचे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. राजवटी बदलल्या, गावाचे मोमिनाबाद झाले आणि पुन्हा अंबाजोगाई झाले, तरी कापड टिकले. कोणत्याही संग्रहालयाच्या अनुदानापेक्षा श्रद्धा अधिक काळ पुरली. परंतु दर्शनाला अधिकार लागतो, आणि आपल्या समाजात अधिकार जन्माने ठरत आला. शिवाय जे पूजले जाते ते वाचले जातेच असे नाही. पूजेतली पोथी अनेकदा बासनातच म्हातारी होते.

याच्या नेमकी उलट बाजू बीड शहरातल्या पाटांगणाच्या उदाहरणात दिसते. ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी राजवाड्यांना तेथे मिळाली. ती एकनाथपूर्व आहे असे त्यांचे मत होते आणि तिच्या आधारे त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. मराठीच्या जुन्या रूपाविषयीच्या चर्चेला त्या प्रकाशनाने जी गती दिली, ती बासनातल्या पोथीने कधीच दिली नसती. परंतु ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. तिच्या प्राचीनतेविषयीचा वाद ती समोर ठेवून सोडवण्याची वाट त्यामुळे बंद झाली. अंबाजोगाईत सांभाळले गेले, पण वाचनाचा अधिकार मर्यादित राहिला. पाटांगणाच्या पोथीचे वाचन सर्वांपर्यंत पोहोचले, पण पोथी राहिली नाही. जतन आणि ज्ञान यांची ही फारकत हाच या विषयाचा गाभा आहे.

३

प्रदर्शनाने ही फारकत मिटते काय? काही अंशी मिटते. तिकीट जात विचारीत नाही, ही संग्रहालयाची नैतिक कमाई आहे आणि ज्यांना शतकानुशतके उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागले त्यांच्या दृष्टीने ती लहान नाही. मात्र तिकीट काही मागतही नाही. दिवाणखाना, पलंग, लेखणी, चष्मा असे पाहत प्रेक्षक बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यावर कोणतेही ऋण उरत नाही. दर्शन प्रश्नाशिवाय ऋण देते. प्रदर्शन ऋणाशिवाय माहिती देते.

शिवाय प्रदर्शन काय दाखवायचे ते निवडते, आणि निवड करणारा बहुधा घराच्या धन्याच्या बाजूचा असतो. वॉशिंग्टनच्या मृत्यूच्या वेळी, १७९९ मध्ये, माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. घर वाचवणाऱ्यांनी दीर्घकाळ कथा सांगितली ती एकाची. व्हर्जिनियातील मॉन्टिसेलो हे जेफर्सनचे घर याहून कठोर उदाहरण आहे. सर्व माणसे समान आहेत असे १७७६ मध्ये लिहिणाऱ्याने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. १९९३ पासून त्या गुलामांच्या वंशजांच्या मौखिक आठवणी नोंदवण्याचे काम तेथे सुरू झाले आणि २०१८ मध्ये सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या आयुष्यावरील दालन खुले झाले. घर तेच, भिंती त्याच. परंतु धन्याची कीर्ती सांगणारे घर आता धन्याविरुद्धही साक्ष देते.

‘साक्ष’ ही संज्ञा मी दर्शन आणि प्रदर्शन यांहून वेगळ्या अर्थाने वापरीत आहे. साक्षीदाराला आपण पूजत नाही आणि त्याची शोभाही पाहत नाही. त्याला विचारतो, आणि त्याने सांगितल्यावर निवाड्याची जबाबदारी आपल्यावर येते. पुण्याचा फुलेवाडा या दृष्टीने पाहावा. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या वास्तूतील सर्वांत बोलकी गोष्ट घरात बसायच्या जागी नाही, पाणी भरायच्या जागी आहे. ते घर काय बोलते, तर आपल्या घरचे पाणी कोणासाठी आहे, असे विचारते. अशा घरातून प्रेक्षक म्हणून बाहेर पडणे अवघड होते.

४

या कसोटीवर बीड जिल्ह्याला एक अधिक अवघड प्रश्न विचारावा लागतो. येथील असंख्य ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पतिपत्नी मिळून ‘एक कोयता’ गणला जातो आणि हंगाम संपेपर्यंत त्यांचे घर म्हणजे पाचटाची कोपी असते. हंगाम सरला की कोपी मोडते. तिला वारस नाही, दप्तर नाही, देवघर नाही. स्मृतिगृहाची संपूर्ण संकल्पना स्थिर घर गृहीत धरते. म्हणून ज्यांना वर्षभर एका छताखाली राहता आले, त्यांनाच ती इतिहास देते.

न्यू यॉर्कमध्ये ऑर्चर्ड स्ट्रीटवरील ९७ क्रमांकाच्या चाळवजा इमारतीत १९८८ मध्ये स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या बिऱ्हाडांचे संग्रहालय सुरू झाले. थोर नसलेल्यांचेही घर जतन करता येते, हे त्याने सिद्ध केले. कोपीच्या बाबतीत तोही मार्ग अपुरा आहे, कारण येथे जतन करण्याजोगी भिंतच नाही. संग्रहालयात उभारलेली नमुन्याची कोपी हे तर दारिद्र्याचे प्रदर्शन होईल. शिवाय कोपी ही संपलेली गोष्ट नाही. जी व्यवस्था अजून चालू आहे तिचे स्मारक उभारणे म्हणजे तिला परस्पर भूतकाळात ढकलून मोकळे होणे होय.

मग राहते काय? राहते शब्दांतली साक्ष, आणि येथे साहित्याभ्यासकाचा संबंध येतो. वाङ्मयेतिहास हेही एक जतन केलेले घर आहे. त्याच्या दिवाणखान्यात मुकुंदराज व दासोपंत आहेत. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईची की आंभोऱ्याची, हा वादही आपण हिरिरीने घालतो. स्थानाभिमान हा स्थानिक इतिहासाचा प्रेरक आहे आणि दोषही. परंतु ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांचे नाव एक असूनही, पहिलीचा कर्ता आपण शके आणि तिथीसह नोंदतो व दुसरीच्या कर्तीला ‘लोक’ या समूहवाचक नावात विरघळवून टाकतो. कोपीत राहणाऱ्या स्त्रीची गाणी, म्हणी आणि हिशेब सांगण्याची भाषा नोंदवताना ती जिने सांगितली तिच्या संमतीने, तिला हवे असेल तर तिच्या नावाने, आणि तिला परत ऐकवून नोंदवणे, एवढा शिष्टाचार आपण पाळू शकतो. बोलावल्याशिवाय कोणाच्या घरात शिरू नये, ही साधी गृहस्थी रीत आहे. जिवंत माणसाच्या बाबतीत ती पाळणे अजून शक्य आहे.

पासोडीचे जतन अवश्य व्हावे, तिचे वाचनही व्हावे. परंतु चार शतके एक वस्त्र सांभाळू शकलेल्या जिल्ह्याने, दरवर्षी मोडणाऱ्या घरांविषयी आपल्याला काय ठाऊक आहे, हेही स्वतःला विचारले पाहिजे. जतनाची नैतिकता आपण काय वाचवले यावरून जितकी ठरते, तितकीच कोणाला आपण कधी साक्षीला बोलावलेच नाही यावरूनही ठरते.