स्वस्त घर

माझा धाकटा भाऊ अमेरिकेच्या दक्षिण भागात, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरी असतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. "दादा, घर घेतोय. जुनं आहे, लाकडी आहे, पुढं ऐसपैस ओसरी, तिला झोपाळा, आणि मुख्य म्हणजे स्वस्त!" मध्यमवर्गाच्या कानाला याहून गोड शब्द नाही. पण मी पडलो मास्तर. विचारले, "का रे स्वस्त?"

त्याने सांगितली ती कारणे घराची होती. वायरिंग जुनाट, जमिनीखालच्या पोकळीत ओल, वाळवीची शंका. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो, त्याची लेखी सूचना विकणाऱ्याने द्यावी असा तिथे केंद्राचा कायदा आहे. जिवाला धोका होईल असे काही असेल तर तेही सांगावे लागते. एरवी मात्र अलाबामात जुन्या घराचे दोष विकणाऱ्याने आपण होऊन सांगायलाच हवेत असे नाही; विचारल्यावर खोटे बोलता येत नाही, एवढेच. म्हणजे सारा भार घेणाऱ्याच्या प्रश्नावर!

दुसरे कारण त्याने आठवड्याने सांगितले. ते घराचे नव्हते, वस्तीचे होते. वस्तीचे नाव स्मिथफील्ड. गोऱ्यांनी कुठे राहावे आणि कृष्णवर्णीयांनी कुठे, हे नगरपालिकेच्या नियमाने ठरवणे बेकायदा आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच दिला होता. तरी बर्मिंगहॅमने १९२६ मध्ये तसाच नियम केला आणि १९५०-५१ पर्यंत न्यायालयात झगडून तो जपला. रेषेपलीकडे घर घेणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या दारात १९४७ पासून स्फोट होऊ लागले. इतके, की त्या टेकडीला लोक 'डायनामाइट हिल' म्हणू लागले. कर्ज देणाऱ्यांनीही अशा वस्त्यांकडे पाठ फिरवली. १९६८ मध्ये घरांच्या व्यवहारातला भेदभाव कायद्याने बंद झाला. कायदा एका दिवसात बदलतो. पडलेली किंमत तशी उठत नाही.

विकणाऱ्या बाई सेवानिवृत्त शिक्षिका. घर त्यांच्या वडिलांनी त्याच धामधुमीत घेतले आणि सोडले नाही. आता बाई थकल्या. लेकीकडे जायच्या आहेत.

इथे मला आमचे घर आठवले. १९९३ मध्ये वडिलांनी आत्याच्या लग्नापायी कोकणातले घर आठ दिवसांत विकले. घेणाऱ्याने कागदोपत्री काही गैर केले नाही. पण आमची निकड त्याला ठाऊक होती, आणि भाव त्या निकडीचाच होता. आईने त्या गृहस्थाचे नाव पुन्हा घरात काढू दिले नाही. मी तर पुढे एका कादंबरीत त्याला खलनायक केला. लेखणी हाती असल्याचा एवढा तरी फायदा! आणि आता त्याच्या जागी माझा भाऊ उभा होता.

भाऊ म्हणाला, "मी नाही घेतलं तर दुसरा घेईल. बाईंचं काय भलं होणार?" खरे होते. हात स्वच्छ राहावेत म्हणून माघार घेणे हे पुण्य की नुसती टापटीप? मी म्हटले, "मग चार पैसे जास्त दे." त्यावर त्याने मला तिथला हिशेब समजावला. बँकेचा माणूस घराची किंमत ठरवतो, कर्ज त्या हिशेबाने मिळते. वरचे सारे स्वतःच्या खिशातून. जुना अन्याय असा आकडा होऊन बसला, की त्याच्याशी भांडणार कोण? आणि भावाला दोन मुले आहेत.

"उलट तपासणीत वायरिंगचा खर्च निघालाय," तो म्हणाला. "तो भावातून कापून मागण्याची इथं रीतच आहे. मागू का?"

दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे मला सहज जमले असते. पण जीभ वळली नाही. फोन आईच्या हाती दिला. तिने सारे ऐकून घेतले. भावाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढेच म्हणाली, "अरे, त्या बाईंना झोपाळा न्यायचा आहे का, ते आधी विचार. आपला तिथंच राहिला."

दिवाळीच्या तोंडावर भावाने फोटो पाठवला. ओसरीच्या तुळईला दोन कड्या मोकळ्या लोंबत आहेत. वायरिंगचे पैसे कापले की नाही, ते त्याने कळवले नाही. मीही विचारलेले नाही.