शस्त्राची पात्रता आणि तिचे पारखी

शस्त्र बाळगण्याइतका विश्वास कोणावर ठेवावा, या प्रश्नामागे भारतीय परंपरेत अधिकारिभेदाचे, म्हणजे विद्या वा साधन पेलण्याची योग्यता माणसागणिक वेगळी असते असे मानणारे तत्त्व उभे आहे, आणि त्या तत्त्वाची सर्वांत कठोर परीक्षा महाभारताच्या सौप्तिकपर्वात झाली आहे. ब्रह्मशिर हे अस्त्र द्रोणांनी अर्जुनाला संतोषाने दिले. अश्वत्थाम्याने तेच मत्सरापोटी मागितले, तेव्हा पुत्राचा उतावीळ स्वभाव पुरता ठाऊक असूनही त्यांनी ते नाखुशीने दिले आणि माणसांवर ते कधीही सोडू नये, एवढी ताकीद तेवढी दिली. पुढे अश्वत्थामा द्वारकेत कृष्णाचे चक्र मागतो. कृष्ण ते खुशाल उचलून नेण्यास सांगतो आणि ते त्याच्याने हलतही नाही असे दिसल्यावर, ते कशासाठी हवे होते असे विचारतो, तेव्हा खुद्द कृष्णाशीच लढण्यासाठी, असे उत्तर मिळते. युद्धाच्या शेवटी अर्जुन आपले अस्त्र आवरून घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि ते पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळते. येथे पात्रता ठरते ती नेमबाजीवर नव्हे, तर उपसंहारावर, म्हणजे सोडलेले अस्त्र मागे घेण्याच्या सामर्थ्यावर. बंदुकीच्या गोळीला उपसंहार नाही. म्हणून तिच्या बाबतीत हा सगळा संयम चाप ओढण्यापूर्वीच असावा लागतो, आणि तो कोणत्याही अर्जावर लिहून देता येत नाही.

मात्र पारखणाराही निर्दोष नसतो, हेही याच ग्रंथातून दिसते. अपात्र पुत्राला अस्त्र देणाऱ्या द्रोणांनी एकलव्याला तो निषादाचा मुलगा म्हणून शिष्यत्व नाकारले, आणि ब्रह्मास्त्र मागणाऱ्या कर्णाला ब्राह्मण-क्षत्रियांची अट सांगून परत पाठवले. शीलाची परीक्षा म्हणून जे सुरू होते ते कुळाच्या चौकशीवर येऊन थांबते. चातुर्वर्ण्याने बहुसंख्यांच्या हाती शस्त्र येऊ दिले नाही आणि त्यामुळे ते बंड करू शकले नाहीत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडले, ते याच कारणाने महत्त्वाचे ठरते. व्हाइसरॉय लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्यात वर्णाची जागा वंशाने घेतली: हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला सूट. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला खरा, पण संविधानाच्या मूलभूत हक्कांत तो आला नाही. उलट एकत्र जमण्याचे स्वातंत्र्यही विनाशस्त्र असण्याच्या अटीवर मिळाले.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात एकवीस वर्षांखालील व्यक्ती, मनोविकल व्यक्ती आणि हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती (शिक्षा संपल्यावरही पाच वर्षे) वगळली आहे, आणि केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारू नये, असे स्पष्ट बजावले आहे. ही तरतूद लहान दिसली तरी मोलाची आहे, कारण प्रतिष्ठेलाच शील समजण्याची जुनी सवय ती निदान कागदावर तोडते. त्याच कलमात मात्र ‘अन्य कोणत्याही कारणाने अयोग्य’ अशी मोकळी जागाही सोडली आहे, आणि द्रोणांचा पूर्वग्रह व त्यांचा विवेक या दोन्हींना तिच्यातून सारखीच वाट मिळते. नकाराची कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन, काही अपवाद ठेवून का होईना, कायद्याने घातले, ते म्हणूनच आवश्यक होते; द्रोणांना तसे बंधन नव्हते.

तरीही नकाराची कारणे लिहून घेणारी ही व्यवस्था होकाराची कारणे त्याच कसोशीने विचारत नाही. चौकशीला सापडतो तो गुन्ह्यांचा पूर्वेतिहास; स्वभाव दिसतो तो घरच्यांना. अश्वत्थाम्याच्या नावावर अस्त्र मागेपर्यंत एकही अपराध नव्हता, आणि त्याला जो सर्वांत जवळून ओळखत होता त्यानेच ते त्याच्या हाती दिले.