भेट कोणाची?

दिवाळीच्या अंकात तुरुंगाचा विषय काढू नये, हे मला कळते. पण ही गोष्ट गेल्या भाऊबीजेलाच घडली, त्याला माझा इलाज नाही.

ओवाळून झाल्यावर धाकट्या बहिणीने तबक खाली ठेवले आणि हळूच विचारले, "दादा, बाळूला एकदा ह्यांच्या भेटीला नेऊ का?"

माझे मेहुणे एका पतपेढीत कारकून. अफरातफरीच्या आरोपावरून सहा महिने कच्चे कैदी म्हणून आत होते. सात वर्षांच्या बाळूला आम्ही सांगितले होते, बाबा कामासाठी दूरगावी गेले आहेत.

मी साफ 'नाही' म्हटले. पोराने तुरुंगाची दारे कशाला पाहायची? आणि खरे सांगायचे तर, मनात आणखीही एक विचार होता. ज्याने घराची अब्रू घालवली, त्याला मुलाच्या भेटीचे सुख का द्यावे? खटला कोर्टात उभा राहण्याआधीच मी निकाल देऊन मोकळा झालो होतो.

त्या रात्री बाळू माझ्याजवळ झोपला होता. अंधारातच त्याने विचारले, "मामा, बाबा माझ्यावर रागावलेत का?"

मी काही बोलू शकलो नाही. शिक्षा मी बापाला देऊ पाहत होतो. भोगत होता मुलगा.

पुढे थोडे वाचले, तेव्हा कायदा माझ्यापेक्षा शहाणा निघाला. १९८९ च्या बालहक्क संहितेने आईबापांपासून दुरावलेल्या मुलाला दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा हक्क दिला आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. हक्क मुलाचा आहे, हे मी दोनदा वाचले. भेट म्हणजे बापाला चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम झाला. त्यात कैद्यांना आपल्या मुलांना प्रत्यक्ष पोटाशी धरता आले. नाव ठेवणाऱ्याला मुलांचे मन कळले असावे.

संहितेत एक अटही आहे : मुलाच्या हिताला बाध येता कामा नये. बाप मारझोड करणारा असेल, मूल त्याच्या नुसत्या आवाजाने थरथरत असेल, तर भेटीचा आग्रह हाच जुलूम. पण हे ठरवताना मुलाच्या तोंडाकडे पाहावे, आपल्या रागाकडे नव्हे. मी नेमके उलटे केले होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे गेलो. खरे काय ते बाळूला वाटेतच सांगितले. फराळाचा डबा दारातच ठेवावा लागला. मधे काच होती. बाळूने फोन कानाला लावून पहिला प्रश्न तोच विचारला. मेहुण्यांनी नुसती मान हलवली; त्यांना बोलवेना.

परतताना एस.टी.त तो माझ्या मांडीवर गाढ झोपला.

खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. मेहुणे दोषी आहेत की नाहीत, ते कोर्ट ठरवील. बाळूचा मात्र काही अपराध नव्हता, आणि एवढे कळायला मला सहा महिने लागले.